दोन खोल्यांचा संसार : आधी माणसाला जागा

आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी गेले की घरची बाई पहिले वाक्य बोलते ते हेच, "बसा ताई, पण घरात पसारा लई आहे हो." आणि बोलता बोलता पलंगावरचे कपडे उचलून कोपऱ्यात टाकते. घर स्वच्छ असते, भांडी चकचकीत असतात, अंगण सारवलेले किंवा धुतलेले असते. तरी पाहुण्याला बसायला जागा करावी लागते. ह्या गोष्टीचा मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या बाया आळशी नाहीत. मग पसारा येतो कुठून? माझ्या मते तो येतो सामानाला आधी जागा दिल्यामुळे. पलंग आला, कपाट आले, कोठी आली, कूलर आला. प्रत्येकाने आपापला कोपरा धरला. माणसे मात्र उरलेल्या जागेत वावरू लागली.

आमचे घर पिंप्राळ्याला आहे. पिंप्राळा हे एके काळी जळगावच्या शेजारचे गाव. आषाढी एकादशीला येथे विठ्ठलाचा रथ निघतो, त्यावरून पंचक्रोशीत प्रसिद्ध. आता ते शहरातच मिसळून गेले आहे. २००३ साली जळगावची महानगरपालिका झाली तेव्हापासून तर आम्ही पुरते शहरवासी झालो. जुन्या गावठाणातील मातीची, धाब्याची घरे, पलीकडे हुडकोची वसाहत, नव्या कॉलन्या असे सगळे प्रकार येथे आहेत. आमच्या दोन खोल्या. पुढची बारा बाय दहा, आतली नऊ बाय दहा, त्यातच ओटा आणि मोरी. माणसे सहा : आम्ही नवराबायको, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, थोरली मुलगी, मधला मुलगा आणि धाकटी.

घरधनी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला आहेत. जळगावची प्लास्टिकची चटई लांबलांब जाते हे आपल्याला ठाऊकच आहे. तिथे काम पाळीचे. रात्रपाळी असली की ते सकाळी येतात आणि दिवसा झोपतात. म्हणजे घरात दिवसा झोपणारे एक माणूस, रात्री अभ्यास करणारी मुले, संध्याकाळी गुडघे धरून पडणाऱ्या आत्याबाई, आणि माझे शिलाई मशीन. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तिन्ही मुले दिवसभर घरात आली, तेव्हा एका मोबाईलवर शिकायचे कुणी हा प्रश्न जेवढा होता, तेवढाच बसायचे कुठे हाही होता. त्यानंतर शाळा उघडल्या, दिवस निघून गेले.

गेल्या वर्षी थोरली दहावीला गेली. जून महिन्यातच एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, दहावीपुरती मी मावशीकडे राहायला जाऊ का? तिथे एक खोली रिकामी आहे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मावशीचे घर चांगले, माणसे मायेची. पण पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या घरात वही ठेवायला जागा नाही म्हणून तिने घर सोडावे, हे काही माझ्या मनाला पटेना. मी तिला म्हटले, "महिनाभर थांब. मग ठरवू."

पहिले काम केले ते मोजमापाचे. शिंपीकाम करते म्हणून टेप घरात होताच. पुढची खोली १२० चौरस फूट. त्यात पलंगाने २४ फूट धरलेले. कपाट साडेचार, शिलाई मशीन साडेचार, टीव्हीचे टेबल साडेचार. कूलर चार, गव्हाची पत्र्याची कोठी चार आणि आत्याबाईंची ट्रंक चार. बेरीज केली तर पन्नास फुटांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मी खोली सामानाची. एका माणसाला झोपायला सहा बाय दोन, म्हणजे बारा फूट लागतात. आमच्या कूलरला आणि टीव्हीला मिळून जेवढी जागा होती, तेवढी थोरलीला झोपायला जेमतेम मिळत होती!

मग एका वहीत दोन याद्या केल्या. एका यादीत माणसे : कोण कुठे झोपते, कुठे बसते, कुठल्या वेळेला. दुसऱ्या यादीत वस्तू, आणि प्रत्येकीपुढे ती रोज लागते, आठवड्याला लागते की वर्षातून एकदा. भगिनींनो, ही दुसरी यादी प्रत्येकीने एकदा करून पाहावी. वर्षातून एकदा लागणारी वस्तू रोजच्या वाटेत उभी असल्याचे तेव्हा कळते.

गव्हाची कोठी घ्या. पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची रीत होती आणि ती चांगली होती. पण आता रेशनचे धान्य महिन्याला येते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो. आमच्या घरात क्विंटलाची कोठी अर्ध्याहून अधिक रिकामीच उभी होती. ती एका शेतकरी नातलगाला दिली. त्याऐवजी तेलाचे पंधरा किलोचे चौकोनी डबे आणले, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवले, आणि बाहेरून एकाच रंगाचा ऑइलपेंट दिला. चार डबे एकाला एक चिकटून बसतात, गोल डब्यांसारखी मधली जागा वाया जात नाही. आत्याबाईंनी उन्हाळ्यात केलेले बिबडे, पापड, कुरडया ह्यांनाही असेच दोन डबे केले. एकसारख्या रंगामुळे ती रांग शोभूनही दिसते.

कूलर खोलीतून काढून खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवला. हे काम तर फायद्याचेच झाले. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. बंद खोलीत ठेवला की तो तीच ती दमट हवा फिरवत राहतो आणि अंग चिकट होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. टीव्ही आता चपटे येतात, म्हणून तो भिंतीला लावला, टेबल विकले. पलंगाचा प्रश्न मात्र नाजूक होता. आत्याबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, पलंग हवाच. मग चार फुटांचा लोखंडी पलंग देऊन अडीच फूट रुंदीचा घेतला आणि पायांखाली लाकडी ठोकळे दिले. खाली दोन सपाट पेट्या सरकून जातात. त्यांत पावसाळ्यात स्वेटर आणि उन्हाळ्यात जास्तीच्या गोधड्या. एवढ्याने साडेएकवीस चौरस फूट जमीन मोकळी झाली. नवी खोली बांधली नाही, कर्ज काढले नाही.

भिंतींकडे मी नंतर वळले. आपल्या आज्यापणज्यांची घरे लहानच होती, पण त्यांना भिंती वापरायचे ठाऊक होते. मातीची भिंत हातभर जाड, तिच्यात कोनाडे आणि दिवळ्या. एकावर एक मडक्यांची उतरंड. दूधदह्यासाठी वर टांगलेले शिंके. कपड्यांना खुंट्या आणि आडवी दांडी. जमीन झोपायला आणि बसायला मोकळी. आता विटांची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची. तिच्यात कोनाडा कोरू नये, भिंत कमकुवत होते. पण भिंतीवर फळी मारता येते. ड्रिलने भोक पाडून त्यात प्लास्टिकचा गट्टू ठोकावा, मग स्क्रू आणि लोखंडी ब्रॅकेट. नुसता खिळा ठोकून वजन टांगले तर एके रात्री सगळे अंगावर येते.

फळ्यांची उंची ठरवायला मी एक साधा नियम केला : जड वस्तू पायाशी, रोजच्या हाताशी, सणासुदीच्या डोक्यावर. ताटांसाठी फळी बारा इंच रुंद, डब्यांना नऊ इंच पुरते. फार रुंद फळी केली की मागच्या ओळीतले डबे वर्षभर दिसत नाहीत आणि आपण तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत आणतो. धाकटीचे दप्तर आणि गणवेश तिच्या खांद्याच्या उंचीच्या खुंटीवर, म्हणजे तिचे तिला घेता येते. सात फुटांवर भिंतीच्या कडेने एक फूट रुंदीची फळी फिरवली. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनी मात्र अगदी वर औषधे, तेल आणि कागद ठेवू नयेत. पत्र्याखालच्या उष्णतेने ती खराब होतात. भिंतीला ओल असेल तर फळी दोन बोटे सोडून लावावी, नाहीतर उधई लागते.

कागदपत्रांसाठी एक वेगळी फाइल केली. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. कपाटाच्या एका ठरलेल्या खणात ती असते आणि घरातल्या प्रत्येकाला तो खण माहीत आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायच्या दिवशी गादीखाली दाखले शोधावे लागू नयेत. मुलाच्या वर्षाचा प्रश्न असतो.

घरात तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. त्या फळीवर लाइटबिल, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटे असे काहीबाही साचत असे. आता किल्ल्यांना खुंटी, बिलांना पिशवी. फळीवर मूर्ती, फोटो आणि एक फूल, एवढेच. खोलीत शिरल्याबरोबर नजर तिथे जाते. शोभेसाठी पैसे लागतात असे नाही, आजूबाजूला थोडी मोकळी जागा लागते.

लग्नात आलेली मोठमोठी पातेली आणि ताटांचे संच हा आपल्या घराघरांतला प्रश्न. आमच्या गल्लीतल्या बायकांनी विचार करून सात-आठ घरांतली मोठी भांडी विहारातल्या एका कपाटात एकत्र ठेवली, वही केली. नामकरण असो, वर्षावास असो, ज्यांना लागतील ते सही करून नेतात, घासून परत आणतात. आठ घरांचे आठ कोपरे मोकळे झाले.

आता राहिली आत्याबाईंची ट्रंक. थोरलीच्या टेबलासाठी खिडकीजवळची जी भिंत योग्य होती, बरोबर तिथेच ती होती. ट्रंकेत काय आहे ते मला माहीत होते. सासऱ्यांचा एक सदरा, त्यांच्या गिरणीतल्या कामाचा जुना पास, पांढऱ्या दोन साड्या, तिन्ही नातवंडांची पहिली झबली. मी सुचवले की हे सगळे पलंगाखालच्या पेटीत नीट ठेवू आणि ट्रंक भंगारात देऊ. आत्याबाई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "माही पेटी घरातून गेली म्हणजे मी बी गेली, असंच समज." त्यावर मी पुढे बोलले नाही. वस्तूंच्या यादीत मी ट्रंक लिहिली होती. पण म्हाताऱ्या माणसाला घरात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच चार फूट जागा असते. ती ट्रंक माणसांच्या यादीतली होती.

ट्रंक भिंतीच्या बाजूला सरकवून टेबल तेवढे करून घेतले. जुन्या दाराची साग्याची फळी माळ्यावर पडून होती, तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. शेजारच्या सुतारदादांनी ती बिजागऱ्यांनी भिंतीला लावली, दोन्ही बाजूंनी साखळ्या दिल्या. उंची अडीच फूट. अभ्यासाच्या वेळी टेबल, झोपायच्या वेळी भिंतीला चपटे. बिजागऱ्या, साखळी, स्क्रू मिळून साडेतीनशे रुपये लागले. मजुरी त्यांनी घेतली नाही. खुर्चीला मात्र जागा नव्हती, म्हणून थोरली तेलाच्या उपड्या डब्यावर बसून लिहायची. दोन-तीन आठवडे आत्याबाई पलंगावरून पाहत होत्या. एक दिवस त्यांनीच हाक मारली, "डब्यावर बसून कंबर दुखते पोरीची. माह्या पेटीवर बसव तिले." ट्रंक पंधरा इंच उंच, खाली विटा दिल्या तशी अठरा इंच झाली, म्हणजे बरोबर खुर्चीएवढी. पत्रा दबू नये म्हणून वर फळी आणि फळीवर गोधडीची घडी. फळी ठोकलेली नाही. आत्याबाईंना पेटी उघडायची असली की त्या नातीला उठवतात, आपले काम करतात आणि पुन्हा बसवतात.

एवढे केल्यावरही एक गोष्ट उरली : वेळ. जागा मोकळी झाली तरी एकाच खोलीत एक झोपणार आणि एक वाचणार. येथे मला बाबासाहेबांच्या चरित्राचा आधार वाटला. सुभेदार रामजी आपल्या कुटुंबाला घेऊन १९०४ च्या सुमारास मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहिले. एकच खोली. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. उशाशी जाते, पायाशी शेळी, उजेडाला काच नसलेली रॉकेलची चिमणी. रामजींनी ह्यावर तोड काढली. ते मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्या जागेवर आपण झोपत. बापाने खोलीची वाटणी घड्याळाने केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतही ५० आणि ५१ नंबरच्या दोनच खोल्या होत्या, आणि ग्रंथांसाठी ऐसपैस 'राजगृह' झाले ते १९३० नंतरच्या काळात. आपण हा प्रसंग जयंतीच्या भाषणांत कष्टाचे उदाहरण म्हणून ऐकतो. मला त्यात एका गरीब बापाची घर लावण्याची रीतही दिसते.

आम्ही त्याच रीतीने भिंतीवर एक कागद लावला. रात्रपाळीच्या आठवड्यात आतली खोली सकाळी नऊ ते दुपारी तीन घरधन्यांची. मधे जुन्या साड्या दुहेरी शिवून केलेला जाड पडदा. माझे मशीन तीननंतर. टीव्ही रात्री साडेआठपर्यंत. त्यापुढे टेबलावरचा छोटा दिवा तेवढा चालू. पहिल्या आठवड्यात भांडणे झाली, पण पुढे सवय पडली.

ही अडचण काही आपल्याच वस्तीची नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरे बांधली गेली. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की नावाच्या बाईने केला. रेल्वेच्या डब्यातील स्वयंपाकखोलीत एवढ्याशा जागेत कसे काम चालते ते तिने पाहिले, बाईची पावले किती वाचतील ह्याचा हिशेब केला, आणि सव्वासहा फूट रुंद, सव्वाअकरा फूट लांब खोलीत पीठतांदळाच्या खणांपासून सगळे बसवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. पण त्यात एक उणीव राहिली. तिथे एकच बाई मावत असे, दुसरी आली की अडचण. आपल्या घरात सासू-सून आणि लेक एकत्र बसून भाकरी करतात, म्हणून त्यांचे जसेच्या तसे आपल्याला चालायचे नाही. रेल्वेचा धडा मात्र घेण्यासारखा आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण पाहतोच. स्लीपरच्या जुन्या डब्यात ७२ माणसे झोपतात, सामान खाली जाते, मधली बर्थ रात्री फळी असते आणि दिवसा पाठ टेकायला होते. एका वस्तूने दोन कामे करावीत, आणि काम झाल्यावर वाट सोडावी.

थोरली मावशीकडे गेली नाही. दहावी घरूनच पास झाली. ती काही पहिली आली नाही, पण तिच्या मनासारखे कॉलेज मिळाले आणि आता अकरावीत आहे. मधला यंदा नववीत आहे. म्हणजे पुढच्या वर्षी घरात एक बारावी आणि एक दहावी, आणि टेबल एकच. दुसरे लावायला भिंत नाही, मी टेप लावून पाहिले. आत्याबाईंनी आतापासूनच निवाडा देऊन ठेवला आहे : पोराने रात्री बारापर्यंत बसायचे, पोरीने पहाटे चारला उठायचे, आणि उठवायचे काम आत्याबाईंचे, कारण त्यांना त्या वेळी झोप येत नाही. कागदावर नवे वेळापत्रक लिहायचे तेवढे बाकी आहे.